खेळणाऱ्याने म्हणजे कोणी?

कुठल्याही खेळाच्या खोक्यातून सर्वांत आधी काय हरवत असेल, तर तो नियमांचा कागद. फासे हरवत नाहीत. हरवलेच तर कपाटाखाली सापडतात. सोंगट्या हरवल्या तर त्यांच्या जागी शर्टाची बटणे, चिंचोके, प्रसंगी आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या उभ्या राहतात. पण नियमांचा कागद एकदा गेला की गेला. आणि गंमत म्हणजे तो गेल्याचे कुणाला फारसे दुःखही होत नाही. कारण त्या दिवसापासून, घरात ज्याचा आवाज मोठा, त्याच्या तोंडी नियम मुक्कामाला येतात.

आमच्या चाळीत ‘व्यापार’ हा खेळ जोरात होता तेव्हा, म्हणजे सत्तरच्या दशकात, दर मजल्याला वेगळा कायदा होता. ‘रेस्ट हाउस’वर सोंगटी पडली की पहिल्या मजल्यावर पैसे मिळत, दुसऱ्यावर भरावे लागत, आणि तिसऱ्यावर एक पाळी झोप काढावी लागे. (रेस्ट म्हणजे विश्रांती, असा तिसऱ्या मजल्याचा युक्तिवाद होता. तिथे एक संस्कृतचे मास्तर राहत.) तुरुंगातून सुटायला कुठे सहा लागत, कुठे दंड, आणि एका बिऱ्हाडात नुसती रडारड पुरे होई. वरच्या मजल्यावर खेळायला जाणे म्हणजे परराज्यात जाण्यासारखेच होते.

हा सगळा जुना विषय पुन्हा वर आला तो माझ्या पुतणीमुळे. तिने आणि तिच्या मित्रमंडळाने त्याच ‘व्यापार’ला जोडायची एक पुरवणी तयार केली आहे. ती तिला एक्स्पान्शन म्हणते. मी पुरवणी म्हणतो, कारण सदतीस वर्षे एका कचेरीत परिपत्रके आणि त्यांच्या पुरवण्या लिहूनच मी निवृत्त झालो. तिच्या पुरवणीत काय नाही? पावसाळा आहे : पावसाचा पत्ता निघाला की सखल भागातली भाडी बुडतात. मेगाब्लॉक आहे : रविवारचा पत्ता निघाला की रेल्वेवर कुणाला एक पैसा मिळत नाही. पुनर्विकास आहे : आपले घर मोडायला द्यायचे आणि नवे मिळेपर्यंत भाड्याच्या घरात राहायचे. ते कधी मिळते? ते पुन्हा फाशावर. हे सगळे तिने आमच्या सोसायटीच्या सभांची इतिवृत्ते वाचून रचले असावे.

“काका, नियम तू लिही,” ती म्हणाली. “दोन अटी. कागद वाचणाऱ्याला मला फोन करायला लागता कामा नये. आणि त्यात कुठंही ‘त्याने’ नको.”

“‘त्याने’ने कुणाचं घोडं मारलंय?”

“माझं,” ती म्हणाली. “मीपण खेळते ना?”

ही दुसरी अट नव्या पोरींचे खूळ आहे असे ज्यांना वाटेल, त्यांच्यासाठी थोडा इतिहास सांगतो. तो आमच्या ‘व्यापार’च्याच घराण्याचा आहे. ‘व्यापार’ हा अमेरिकेतल्या ‘मोनोपॉली’चा देशी अवतार हे बहुतेकांना ठाऊक असते. पण ‘मोनोपॉली’च्या आधी ‘लँडलॉर्ड्स गेम’, म्हणजे जमीनदाराचा खेळ, नावाचा एक खेळ होता आणि तो एका बाईने रचला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ठाऊक असू नये अशी व्यवस्थाच होती.

बाईचे नाव एलिझाबेथ मॅगी. जन्म १८६६चा, इलिनॉय राज्यातला. व्यवसायाने लघुलेखिका, वॉशिंग्टनला टपालखात्याच्या, पत्ता न लागणाऱ्या पत्रांच्या कचेरीत काम करायची. (कल्पना करा. दिवसभर ‘नीट न लिहिलेले’ हाताळायचे. नियम स्पष्ट लिहायला याहून चांगली तालीम नाही.) टाइपरायटरमध्ये कागद सहज सरकावा म्हणून तिने एक युक्ती काढली आणि १८९३ साली तिचे पेटंटही घेतले. हेन्री जॉर्ज नावाच्या अर्थपंडिताची ती चाहती होती. जमीन कुणी निर्माण केलेली नाही, तेव्हा कर बसवायचा तर जमिनीच्या भाड्यावर बसवा आणि राबणाऱ्याला मोकळे सोडा, असे थोडक्यात त्याचे म्हणणे. हे भाषणातून सांगितले तर लोक जांभया देतात, असा तिचाही अनुभव असणार. तिने त्याचा खेळ केला. ५ जानेवारी १९०४ रोजी त्याचे पेटंट मिळाले.

पटाच्या एका कोपऱ्यात धरणीमाता आहे. पटाची एक प्रदक्षिणा झाली की खेळाडूने धरणीमातेवर कष्ट केले असे धरायचे आणि शंभर डॉलर मजुरी द्यायची. दुसऱ्या एका जागी कुणा बड्या लॉर्डची मालमत्ता. तिथे पाऊल पडले की थेट तुरुंग. सगळे चोख. पण पेटंटातले इंग्रजी वाचताना मी थबकलो. प्रदक्षिणा पूर्ण केली की ‘तो’ खेळाडू ‘त्याची’ मजुरी घेतो! धरणी माता आहे, खेळ रचणारी बाई आहे, पण मजुरी घेणारा बाप्या.

आणि ही बाई काही पदराआड बसणारी नव्हे. १९०६ साली तिने वर्तमानपत्रात स्वतःचीच जाहिरात दिली : तरुण अमेरिकन स्त्री गुलाम, जास्तीत जास्त बोली बोलणाऱ्यास विकणे आहे. आठवड्याला दहा डॉलर पगारात एकट्या बाईने जगायचे म्हणजे काय, ते तिला लोकांना दाखवायचे होते. देशभर गहजब झाला. अशा बाईच्या लेखणीतूनही नियम लिहिताना ‘तो’च उतरला. तिला मी दोष देत नाही. पेटंटकचेरीची भाषाच तशी होती. आमच्याही कचेरीत ‘अर्जदाराने आपल्या पत्नीचे नाव लिहावे’ असा नमुना होता, आणि आमच्या टंकलेखिकाबाई दरवर्षी त्यावर आडवी रेघ मारून ‘पती’ लिहीत असत.

पुढची तीस वर्षे हा खेळ दुकानातून कमी आणि हातातून जास्त पसरला. लोक मेणकापडावर पट काढत, आपल्या गावाचे रस्ते त्यावर घालत, एखादा नियम वाढवत, एखादा गाळत. प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना शिकवला, विद्यार्थ्यांनी आपल्या गावी नेला. म्हणजे आज माझी पुतणी जे करते आहे तेच. अटलांटिक सिटीत तो क्वेकर पंथाच्या मंडळींच्या हाती पडला. ही माणसे प्रार्थनासुद्धा गप्प बसून करणारी. त्यांना जागांच्या लिलावाचा आरडाओरडा मानवेना, असे सांगतात. त्यांनी किमती सरळ पटावरच लिहून टाकल्या. एका पंथाच्या शांत स्वभावामुळे जगभरच्या मुलांना आयत्या किमती मिळाल्या!

या मंडळींकडून खेळ शिकलेल्या चार्ल्स टॉड नावाच्या गृहस्थांनी तो आपल्या ओळखीच्या चार्ल्स डॅरो यांना शिकवला. हे १९३०नंतरच्या मंदीच्या वर्षांत. डॅरो यांचे काम सुटलेले. खेळून झाल्यावर त्यांनी टॉड यांना एक विनंती केली : तेवढे नियम लिहून द्याल का? टॉड यांनी लिहिले, जाणकाराकडून तपासून घेतले आणि प्रती दिल्या. मला या प्रसंगाचे फार अप्रूप वाटते. तीस वर्षे जो खेळ लोकांच्या तोंडात होता, तो कागदावर आला आणि कागद ज्याच्या खिशात त्याचा झाला. डॅरो यांनी खेळ पार्कर ब्रदर्सना विकला आणि १९३५पासून खोक्यावर शोधक म्हणून त्यांचे नाव गाजू लागले. टॉड यांच्या पटावर ‘मार्व्हन गार्डन्स’चे स्पेलिंग चुकून ‘मार्व्हिन’ झाले होते. तेही तसेच छापले गेले आणि कंपनीने त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली ती १९९५ साली. परिपत्रकातली चूक साठ वर्षे टिकल्याचे दुसरे उदाहरण माझ्या माहितीत एकच आहे, पण ते सांगितले तर माझे पेन्शन अडेल.

मॅगीबाईंचे काय? १९२४ साली त्यांनी सुधारलेल्या खेळाचे दुसरे पेटंट घेतले होते. ते कंपनीने १९३५मध्ये ५०० डॉलरना विकत घेतले. पुढे विक्रीवर काही नाही. १९४०च्या अमेरिकन जनगणनेत त्यांनी आपला व्यवसाय ‘खेळ तयार करणे’ असा नोंदवला. उत्पन्नाच्या रकान्यात शून्य. १९४८ साली त्या वारल्या. त्यांचे नाव पुन्हा वर आले ते भांडणात. राल्फ अन्सपाक नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने १९७३ साली ‘अँटी-मोनोपॉली’ नावाचा खेळ काढला. कंपनीशी कोर्टात जुंपली. मधल्या एका निकालानंतर, १९७७ साली, त्याच्या खेळाची सुमारे ४०,००० खोकी मिनेसोटात जमिनीत पुरण्यात आली. खेळाला मूठमाती म्हणतात ती हीच. पण प्राध्यापक चिवट. त्याने जुने पट, जुने खेळाडू, जुनी पेटंटे शोधून काढली आणि १९८३पर्यंत भांडून तो जिंकला. त्या शोधात धुळीतून मॅगीबाई बाहेर आल्या.

आमच्या ताईला मी हे सगळे सांगितले तेव्हा तिने चष्मा काढून पुसला. सत्तरच्या दशकातल्या त्या सुट्ट्यांत ताईने ‘व्यापार’ रोज खेळला, पण एकही जागा कधी विकत घेतली नाही. ती बँक होती. थोरल्या दादाने कागद हरवण्यापूर्वी तो एकदा मोठ्याने वाचला होता : ज्याची पाळी असेल त्याने फासा टाकावा. “‘त्याने’ लिहिलंय,” दादा म्हणाला, “‘तिने’ कुठं लिहिलंय? तू बँक सांभाळ.” तिने सांभाळली. नोटा रंगवार लावल्या, हिशेब चोख ठेवला, फाटक्या नोटांना डिंक लावला. पुढे खऱ्या बँकेत तीस वर्षे नोकरी केली. तिथे निदान पगार होता.

आता बुद्धिबळाकडे बघा. आपल्याकडे राजाच्या शेजारी वजीर उभा असतो. युरोपात गेल्यावर त्याची राणी झाली. पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तिला तिरके एक घर सरकायची मुभा होती. मग एकाएकी तिला पटभर धावायची सत्ता मिळाली. इटलीतल्या पुरुषांनी त्या नव्या खेळाला पिसाळलेले बुद्धिबळ म्हणायला सुरुवात केली. एका बाईला चार घरे जास्त फिरू दिले तर पुरुषजात काय म्हणते, याचा हा जुना पुरावा. मराठीत तो वजीर वजीरच राहिला आणि कुणी पिसाळले नाही.

पण खेळणाऱ्यांचे काय? १९७४ साली महिलांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा सुरू झाली आणि मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी पहिली दहा वर्षे अजिंक्यपद घराबाहेर जाऊ दिले नाही. १९७६ साली जेमतेम तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, तिच्या बाजूने लागले, आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की स्त्रियांना अशा स्पर्धांना मज्जाव करता येणार नाही. म्हणजे ‘खेळाडू’ या शब्दात मुलगी बसते की नाही, हे ठरवायला न्यायाधीश लागले! बुद्धिबळाच्या जागतिक नियमावलीत आज एक वाक्य आहे : यात जिथे ‘तो’ म्हटले आहे तिथे ‘ती’सुद्धा समजावी. कायद्याने भागले. मी ते वाक्य आमच्या पुरवणीला सुचवून पाहिले. ताई म्हणाली, “म्हणजे आम्ही तळटीपेत.”

क्रिकेटवाल्यांनी २०२१ साली नियमांतला ‘बॅट्समन’ काढून ‘बॅटर’ आणला तेव्हा इंग्लंडात पुष्कळ चहा थंड झाला. आपला ‘फलंदाज’ मात्र पहिल्यापासून कुणालाही चालतो. त्याची भरपाई आपण दुसरीकडे करतो : महिलांच्या सामन्याच्या बातमीत अजूनही ‘चार गडी बाद’ होतात.

इतका इतिहास पोटात घेऊन मी लिहायला बसलो. पुतणीच्या मित्रमंडळाचा कच्चा खर्डा समोर होता. त्यातले पहिलेच वाक्य असे : ‘घरावर आल्यावर त्याने पत्ता उचलून टाकावा आणि पुढच्याला द्यावे.’ बारा शब्द नाहीत, पण चार कज्जे आहेत. घर म्हणजे पटावरचा चौकोन, की त्यावर बांधलेले घर? पत्ता ‘टाकावा’ म्हणजे वापरावा, की बाद करावा? ‘पुढच्याला’ म्हणजे समोर बसलेल्याला, की ज्याची पाळी यानंतर आहे त्याला? आणि द्यावे ते काय? पैसे, पत्ता, की शिव्या?

शाळेत आम्हाला शिकवले होते की तोच तोच शब्द पुन्हा वापरू नये, भाषा कशी फुलोऱ्याची हवी. नियम लिहिताना हा उपदेश विषासारखा आहे. इथे एका वस्तूला एकच नाव, आणि ते शेवटपर्यंत. आम्ही ठरवले : पटावर असतो तो ‘चौकोन’, बांधतात ते ‘घर’. सगळ्यांची एकेक पाळी झाली की ‘फेरी’, पटाभोवती एकदा फिरले की ‘प्रदक्षिणा’. कारण पुनर्विकासाला ‘पाच फेऱ्या’ लागतात यावर त्या पोरांची दोन रात्री भांडणे झाली होती. ‘पुढचा’ हा शब्द हद्दपार. त्याऐवजी ‘डाव्या हाताला बसलेला खेळाडू’. मूळ खेळ आणि पुरवणी यांचे पटले नाही तर पुरवणी खरी, हेही वरच लिहिले. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ नावाच्या १९९३च्या पत्त्यांच्या खेळात, पत्ता आणि नियमपुस्तक यांचे भांडण झाले तर पत्ता खरा, असा दंडक आहे, असे पुतणीने सांगितले. आमच्या कचेरीत उलट होते. साहेब खरा.

मग ‘त्याने’. आधी ‘त्याने/तिने’ करून पाहिले. ‘त्याने/तिने त्याचा/तिचा पत्ता त्याच्या/तिच्या डाव्या...’ वाचताना दर पायरीला ठेच लागते. मग ‘व्यक्ती’ घेतली. ‘ती व्यक्ती तुरुंगात गेली, ती व्यक्ती सुटली.’ शेजारचे अण्णा म्हणाले, “मग आम्ही पुरुषांनी खेळायचंच नाही का?” मग आदरार्थी ‘त्यांनी’. इंग्रजीत हल्ली तसेच करतात. त्या ‘मॅजिक’वाल्यांनीही २०१८पासून ‘त्याला किंवा तिला’ सोडून ‘दे’ धरले. पण मराठीत ‘त्यांनी दोन पत्ते उचलावेत’ म्हटले की एकाने दोन, की सगळ्यांनी मिळून दोन, असा प्रश्न उभा राहतो. शिवाय आमच्या आईच्या पिढीत ‘त्यांनी’ म्हणजे जगात एकच इसम होता.

वाट दाखवली ती आमच्याच जुन्या परिपत्रकांनी. ‘खेळाडूने फासा टाकावा, सोंगटी पुढे न्यावी, घर बांधावे.’ नीट बघा. टाकावा, न्यावी, बांधावे! क्रियापद फाशाकडे बघते, सोंगटीकडे बघते, घराकडे बघते. तिन्ही लिंगांची हजेरी घेते; पण खेळाडू बाई आहे की बुवा, याची चौकशीच करत नाही. ‘पाळी असलेला’ म्हटले की मिशा दिसतात, ‘पाळी असलेल्या खेळाडूने’ म्हटले की दिसत नाहीत. खेळाडूला एक विभक्ती लावून ठेवली की काम भागते. मोकळा सोडला की पंचाईत : ‘खेळाडू बाद झाला.’ तिथे ‘खेळाडूचा खेळ संपतो’. ‘जो आधी दहा घरे बांधेल तो जिंकला’ याचे ‘आधी दहा घरे बांधणाऱ्या खेळाडूचा विजय’. दोनच्या जागी ‘प्रत्येकी दोन’. केवढा गुणी शब्द आहे हा ‘प्रत्येकी’! फक्त ‘मालक’ अडला. ‘मालकीण’ म्हटले की लोकांना मालकाची बायकोच दिसते. तिथे ‘जागेची मालकी असलेल्या खेळाडूला’ असे लांबण लावावे लागले. लागू दे. कागद माझ्या खर्चाचा आहे.

नववे कलम पुतणीने स्वतः लिहिले. बँकेचे काम दर फेरीनंतर डाव्या हाताच्या खेळाडूकडे जाते. बँकेचे काम पाहणाऱ्या खेळाडूलाही खेळता येते.

गेल्या रविवारी आम्ही कागद पटाशेजारी ठेवून पहिला डाव मांडला : पुतणी, अण्णा, ताई आणि मी. ताईने तिसऱ्याच पाळीला दादर घेतले आणि दोन घरे बांधली. अण्णांची सोंगटी तिथे येऊन पडली, आणि नेमका पावसाचा पत्ता निघाला.

“सखल भाग! भाडं बुडालं,” अण्णा खुशीत आले.

ताईने कागद उचलला, चष्मा वर केला आणि परिशिष्टावर बोट ठेवले. “सखल भागांच्या यादीत हिंदमाता आहे. दादर नाही.”

“अहो, हिंदमाता दादरलाच नाही का?”

“पटावर वेगळे चौकोन आहेत. काढा चारशे.”

अण्णा तरीही वाद घालतच होते. मी उठून मुंबईचा नकाशा शोधायला लागलो, तेवढ्यात पुतणीने फासे उचलून ताईच्या हातात दिले.